माझं मिटत चाललेलं तोंड

गेल्या आठवड्यात अहमदपूरच्या एका मुलीचा फोन आला. अकरावीत आहे म्हणाली. माझा नंबर तिला लातूरच्या डेंटल कॉलेजातल्या मॅडमनी दिला होता, मला विचारूनच. स्वतःचं नाव सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "दीदी, गालातली इंजेक्शनं लई दुखतात का?"

दुखतात. खोटं कशाला सांगू? पण त्यापुढचं सांगताना मी एवढी रंगात आले, की शेवटी तीच म्हणाली, "दीदी, जरा हळू बोला ना!" तासभर बोलत होते मी! दोन वर्षांपूर्वी ज्या तोंडात भाकरीचा घास धड जात नव्हता, ते तोंड आता बंदच होत नव्हतं. फोन ठेवला आणि ठरवलं, हे लिहूनच काढायचं. तिच्यासाठी, आणि ओढणी तोंडाशी धरून कुठंतरी गप बसलेल्या तिच्यासारख्या पोरींसाठी.

माझं नाव प्रज्ञा. आमचं घर कंधारला. पप्पा एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडी सेविका, मी एकुलती एक. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून पप्पांनी मला अकरावी-बारावीला लातूरला ठेवलं. कॉलेज, क्लास, हॉस्टेल. पोरीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. दवाखान्यात मी गेले खरी, पण पेशंट म्हणून.

घरातलं

आमच्या घरात दारू नाही, विडी नाही. पप्पा जयंतीच्या कार्यक्रमात व्यसनमुक्तीवर बोलायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. घरी येऊन जेवण झालं की तेच पप्पा अडकित्ता घेऊन बसायचे. कट्, कट्, कट्. मी समोर मांडी घालून बसलेली. सुपारीचं एक बारीक खांड ते माझ्या तळहातावर ठेवायचे. "हे घे, आमच्या चिमणीचा वाटा."

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. चव तुरट, जीभ आखडायची. पण दिवसभर तिकिटं फाडून दमलेला बाप जेवणानंतर मला हाक मारून काहीतरी देतोय, याचंच मला कौतुक! सुपारीला व्यसन म्हणतात हे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पाहुण्याला आपण व्यसन म्हणून देतो का सुपारी?

आई मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची. सातवीत माझी दाढ ठणकायला लागली, तेव्हा तिनंच चिमूटभर लावून दिली. "थुकून टाक बरं, गिळू नको." दाढ दुखायची राहिली. पुढं दाढ दुखत नसतानाही मी तिची डबी उघडायला लागले. एकदा तिनं बघितलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पाला सांगू नको."

आईबापावर खापर फोडायला मी हे लिहीत नाही. दोघंही हे वाचणार आहेत, पप्पा तर मोठ्यानं. पण मला ही गोष्ट लातूरपासून सुरू करता येत नाही, कारण ती तिथं सुरू झाली नाही.

पुडी

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. निलंग्याकडची वैष्णवी, उदगीरची शाहीन आणि मी. पहिला महिना मी नुसती रडले. क्लासमध्ये दीडशे पोरं-पोरी, सर बोर्डावर काय लिहितात ते कळायच्या आत पुसून टाकायचे. त्या गर्दीत मला पहिल्यांदा "चल गं आपल्यासोबत" म्हणाली ती वैष्णवी. गोड गळा, खळखळून हसणं, मनानं मोठी. दुपारच्या लेक्चरला माझे डोळे मिटायला लागले की ती बाकाखालून सुगंधी सुपारीची पुडी सरकवायची.

"फोड आणि गप तोंडात टाक. झोप जाती."

झोप खरंच जायची. पण खरं सांगू? मला झोपेचं काही पडलं नव्हतं. ती पुडी माझ्याकडं सरकली म्हणजे मी त्यांच्यातली झाले, एवढंच मला हवं होतं. मागच्या तीन बाकांवरच्या सगळ्याच खायच्या. शाहीन खायची नाही, म्हणून आम्ही तिला "आजीबाई" म्हणायचो. ती हसून सोडून द्यायची.

दिवसाला एक पुडी होती, ती दोन झाली. बारावीच्या सुरुवातीला मी दहा-बारा खात होते. गुटखा खाणाऱ्या पोरांना नावं ठेवत होते, बरं का! सुपारीच तर आहे, असं म्हणत.

तीन बोटं

आधी मेसची भाजी झोंबायला लागली. मग साधं वरणही. मी दही-भात खायला लागले आणि सगळ्यांना सांगितलं, पित्त झालंय.

एका रविवारी सकाळी केस धुऊन आम्ही गच्चीवर वाळवत बसलो होतो. शाहीनला मोबाइलवर कुणीतरी एक गंमत पाठवली होती. तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायची. गेली तर तुम्ही ठणठणीत. तिनं घातली, सहज गेली. बाजूच्या खोलीतल्या दोघींची गेली. हसून हसून पोटं दुखत होती. माझी पाळी आली.

दोन बोटं गेली. तिसरं जाईना. मी जोर लावला, नखानं ओठ खरचटला.

"नाटक करून राहिली ही," वैष्णवी हसत म्हणाली. "थांब, मी दाखवते." तिनं स्वतःची तीन बोटं घातली. ती दातांत अडकल्यासारखी झाली. कशीबशी गेली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसणं थांबलं. शाहीननं माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि आत बघितलं. "आतून पांढरं पडलंय गं," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात जायचं. मी येते तुझ्यासंगं." आजीबाई म्हणून जिची चेष्टा केली, ती दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून माझी पिशवी धरून डेंटल कॉलेजच्या रांगेत उभी होती.

बावीस

मॅडम तरुण होत्या. स्टीलची छोटी पट्टी त्यांनी माझ्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी धरली आणि शेजारच्या मुलीला आकडा सांगितला, "बावीस." मिलिमीटर. धडधाकट माणसाचं तोंड चाळीसच्या आसपास उघडतं, हे मला नंतर कळलं. मग मला विचारलं, "सुपारी कधीपासून?"

"अकरावीपासून."

"त्याच्या आधी?"

त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी म्हणाले, "घरी. लहानपणापासून."

आजाराचं लांबलचक नाव त्यांनी केसपेपरवर लिहिलं. मला मात्र साधं सांगितलं. गालाच्या आतलं मऊ कातडं सुपारीनं दोरीसारखं ताठ होत चाललंय. आज थांबलीस तर तोंड इथंच थांबेल, मेहनत केलीस तर थोडं उघडेलही. नाही थांबलीस तर मिटत जाईल.

"कॅन्सर हाय का मॅडम?" मी विचारलं. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"तसं आज म्हणता येत नाही. एक डाग आहे, त्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवावा लागेल. आई-वडिलांना बोलाव."

आता पुढचं लिहायची लाज वाटते, पण त्या अहमदपूरच्या मुलीला मी कबूल केलंय की सगळं लिहीन. बाहेर आले, शाहीनला म्हणाले, हात धुऊन येते. आणि त्याच दवाखान्याच्या बाथरूममध्ये, हातात केसपेपर धरून, मी खिशातली पुडी फोडून खाल्ली. रडत रडत खाल्ली. आपल्याला लागली ती सवय नाही, रोग आहे, हे मला त्या डाग पडलेल्या आरशासमोर कळलं. मॅडमच्या खुर्चीत नव्हतं कळलं.

कॉरिडॉरमध्ये

दोन दिवसांनी आई आणि पप्पा आले. पप्पा ड्युटीवरून थेट, खाकी कपड्यातच. मॅडमशी बोलून ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. बाकावर शाहीन आणि वैष्णवी बसल्या होत्या.

"कोणत्या पोरीनं लावलं तुला हे?" पप्पांचा आवाज अख्ख्या कॉरिडॉरमध्ये घुमला. "नाव सांग. तिच्या बापाला इथं बोलावतो. शिकायला पाठवलं का हे धंदे करायला?"

वैष्णवी उठून उभी राहिली. "काका, मी…"

"पप्पा," मी म्हणाले, "पहिलं खांड तुम्ही दिलं मला."

मी बापाला असं कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडं बघत राहिले. एक हात वर उठला होता, तो कशासाठी उठला होता तेच जणू त्यांना आठवेना. आई पुढं आली. "आन् मशेरी म्या दिली," ती म्हणाली. "कामून त्या लेकरावर वरडून राहिलात?"

पप्पा जिना उतरून गेले. अर्धा तास झाला, तास झाला. आई म्हणाली, गेले असतील गाडीवर. मला वाटलं, झालं, आता शिक्षण बंद, हॉस्टेल बंद, सगळं बंद.

ते परत आले ते सरळ मॅडमच्या दारात. टोपी काढून हातात घेतलेली. "मॅडम, माझं बी तोंड बघता का?"

सगळ्या गावाला व्यसनमुक्ती शिकवणारा माझा बाप त्या खुर्चीत आ करून बसला. आकडा आला, तीस. म्हणजे त्यांच्याही तोंडाला सुरुवात झाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. बाहेर येऊन ते वैष्णवीसमोर उभे राहिले. "बाळा, मघाशी लई बोललो. तू बी तपासून घे." तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

रिपोर्ट

तुकडा काढला त्याचं दुखणं दोन दिवसांत गेलं. रिपोर्टची वाट बघायचे आठ दिवस मात्र जाता जाईनात. शाहीननं भाजलेली बडीशेप आणि तीळ डबीत भरून दिले, तोंडात टाकायला. वैष्णवीनं खोलीतल्या सगळ्या पुड्या गोळा करून मेसच्या खरकट्याच्या बादलीत टाकल्या. चौथ्या दिवशी तिच्याच उशीखाली मला नवी पुडी सापडली. आम्ही कडाकडा भांडलो. ती म्हणाली, तुला रोग झाला म्हणून तुला जमतंय. मग तिनंच पुडी माझ्या हातात दिली. मी खिडकीतून फेकली. जवळ ठेवायची हिंमतच नव्हती.

गुरुवारी पप्पांनी ड्युटी बदलून लातूरची गाडी मागून घेतली. रिपोर्ट त्यांनीच आणला. वाचून मॅडमनी काय सांगितलं ते ऐकायला मी बसस्टँडवर गाडीजवळ उभी. लांबून पप्पा दिसले. ते चालत नव्हते, पळत होते! पन्नाशीला आलेला माणूस, खांद्याला तिकिटाची पिशवी, हातात पाकीट हलवत.

"न्हाई! न्हाई म्हणल्या मॅडम! कॅन्सर न्हाई!"

त्या दिवशी मी त्यांच्याच गाडीनं कंधारला गेले. लातूर सुटलं, तिकिटं झाली आणि पप्पांनी मधल्या जागेत उभं राहून सगळ्या गाडीला सांगितलं, "ही माझी पोरगी. हिचा रिपोर्ट चांगला आलाय." कुणी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं ओच्यातली मूठभर बोरं माझ्या हातात कोंबली. मी लाजेनं मरत होते आणि आनंदानं उडत होते, दोन्ही एकाच वेळी. ड्रायव्हरकाकांनी उगीचच दोनदा हॉर्न वाजवला!

गुरुवार, गुरुवार

मग उपचार. दर गुरुवारी दोन्ही गालांत आतून इंजेक्शन. पहिल्या वेळी मी खुर्चीचा हात एवढा घट्ट धरला की मॅडम म्हणाल्या, खुर्ची सरकारी आहे, तोडू नको. तोंड संध्याकाळपर्यंत सुजलेलं, गार दूध सोडून काही जायचं नाही. आणि रोजचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. मावतात तेवढ्या रचायच्या, मग हळूच अजून एक घुसवायची. गाल फाटतोय असं वाटतं. तसंच थांबायचं.

मी चौदा पट्ट्यांवर सुरुवात केली. पप्पा एकोणीस.

आणि इथं गंमत सुरू झाली! रोज सकाळी सातला पप्पांचा फोन.

"किती?"

"चौदाच."

दहा दिवसांनी, "किती?"

"पप्पा, पंधरा!"

"शाब्बास! माझ्या वीस!"

"तुम्ही दाबून मोजता."

"तुझ्या आईला विचार. ती पंच हाय."

आई मागून ओरडायची, "दाबून मोजतेत गं!" माझ्या खोलीत शाहीन वहीत आकडे लिहायची. सोळावी पट्टी गेली त्या दिवशी वैष्णवीनं मला उचलून गोल फिरवलं. पेपरात मार्क पडल्यावर मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सगळं सरळ गेलं नाही. सराव परीक्षेच्या आठवड्यात मी तीन पुड्या खाल्ल्या. दुकानदारासमोर पाय आपोआप थांबले. दुसऱ्या सकाळी सातला फोन वाजला, आणि "किती?" च्या आधीच मी म्हणाले, "पप्पा, मी काल खाल्ली."

पलीकडून हळू आवाज आला. "मी बी खाल्ली परवा. डेपोत. तुला सांगायचं धाडस होईना."

आम्ही दोघंही हसायला लागलो. कसलं हसणं ते, मी रडतही होते. "मग आता?" मी विचारलं. "आता काय, आजपासून परत." त्यानंतर आम्ही एकमेकांपासून काही लपवलं नाही. मला वाटतं, पट्ट्यांएवढाच गुण मला त्या फोनचा आला.

आईचं सगळ्यात अवघड गेलं. तिच्या मशेरीची तीस वर्षं झाली होती. सोडली तेव्हा डोकं फुटायला आल्यासारखं दुखायचं, भांडी आपटायची, पप्पांशी कारण नसताना भांडायची. दोनदा डबी पुन्हा आली, दोनदा गेली. मग एके दिवशी अंगणवाडीतल्या आयांच्या बैठकीत, पोषणाचं बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "माझ्या लेकीच्या हिरडीला तंबाखू म्या लावली. दाढेचं औषध म्हणून. तुमच्यातल्या कोण कोण लावतेत, खरं सांगा." शेवटी एका सुनेनं हात वर केला, मग तिच्या सासूनं, मग हातच हात. आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती चौदा वर्षांच्या मुलीसारखी बोलत होती, श्वास न घेता.

आता

मी डॉक्टर झाले नाही. तेवढे मार्क पडले नाहीत, आणि त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. मी आता नांदेडला बी.एस्सी. करते. शाहीनला औरंगाबादला मेडिकलला प्रवेश मिळाला. वैष्णवीची तीन बोटं आता न अडकता जातात, पुराव्याला ती फोटो पाठवते, कधीकधी भर लेक्चरमध्ये. मॅडमच्या पट्टीवर माझा आकडा आता छत्तीस आहे. मॅडम म्हणतात, पूर्वीसारखं पूर्ण होणार नाही, ठेचा विसर, तपासणी सोडू नको. कबूल. एकदम कबूल!

त्या मुलीनं फोनवर शेवटी विचारलं होतं, "दीदी, बरं झालं हे तुम्हाला कळलं कधी?" तेव्हा मी काहीतरी मिलिमीटरचं सांगितलं. फोन ठेवल्यावर खरं उत्तर आठवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. कंधारच्या घरी मी चटईवर लोळत होते. आई तांदूळ निवडत होती, पप्पा पेपरातली कसलीशी लांबलचक बातमी मोठ्यानं वाचत होते. मला जांभई आली. दोन वर्षं माझी प्रत्येक जांभई अर्ध्यात अडकायची, कानाखाली कळ यायची, मी हातानं जबडा धरायचे. ही आली ती येतच गेली. तोंड उघडत गेलं, उघडत गेलं, डोळे मिटले, कानांत सूं झालं, आणि सगळी जांभई बाहेर पडली. कुठंच काही दुखलं नाही.

डोळे उघडले तर पप्पांचं वाचन थांबलेलं. आईच्या हातातला तांदळातला खडा तसाच.

"बघितलं का?" पप्पा आईला म्हणाले.

"बघितलं की."

"परत दे गं, प्रज्ञे. एक डाव परत."

"पप्पा, जांभई अशी मागून येते का?"

तेवढ्यात आईला आली. तिनं पदर तोंडाशी नेला, पण उशीर झाला होता. तिचं बघून पप्पांनी दिली, चांगली मोठी, आवाजासकट. मग परत मी. आम्ही तिघं त्या रखरखीत दुपारी एकमेकांकडं बघून जांभया देत होतो आणि हसत होतो, आणि पप्पा मध्येच पेपर उचलून म्हणायचे, "थांबा, आता मी वाचतो," आणि त्यांना पुन्हा यायची.